पोस्टमन, बदक आणि एक कॅप्चर कार्ड

६ जानेवारी

मामा,

काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. स्टुडिओतलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, ती वजा करून सांगतोय.

आता तू हसशील. याचं आयुष्य दर तीन महिन्यांनी बदलतं, म्हणशील. कॉलेज सोडलं तेव्हाही मी तुला असंच लिहिलं होतं, कबूल. पण ते मी बदललं होतं. सरांनी माझी वही न वाचताच लाल रेघ मारली, मी म्हणालो वाचा तरी, ते म्हणाले एवढं कळतं तर तूच शिकव, आणि मी खडू उचलला. त्यानंतर कॉलेजचं आणि माझं जमलं नाही. कालचं मात्र आपणहून घडलं. मी फक्त पुसत होतो. काउंटरची काच.

तुला माहीत आहे, स्टुडिओवाल्या काकांनी मला मागची खोली दिलीय. पूर्वी तिथे फिल्म धुवायचे, आता कोणी धुवत नाही. मी दारावर पाटी लावली, 'जुन्या व्हिडिओ कॅसेटची सीडी करून मिळेल'. पाटी छान झाली. सीडी करायचं यंत्र अजून नाही, पण म्हटलं आधी गिऱ्हाईक तर येऊ दे.

तर ती आली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत अकरा कॅसेटी.

"इथे कॅसेटची सीडी होते ना?"

"होते," मी म्हणालो. (मामा, होत नाही.)

"चांगली होते?"

"शहरात एवढी चांगली कुठेच होत नाही." (हे खरंच होतं. कुठेच होत नाही.)

"मग एकच सांगते. एकही बोट हरवायला नको."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. तसं नव्हतं. ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत तिसरीच्या वर्गाची बाई आहे. त्या शाळेत एक मोठे सर होते, चौतीस वर्षं मुलांना हातांनी गोष्टी सांगायचे. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी कॅमेरा आणून त्या गोष्टी टिपून ठेवल्या. आता सरांचे हात थरथरतात, म्हणून ते गोष्टी सांगत नाहीत. आठ मार्चला ते लेकीकडे राहायला लांब जाणार आहेत. त्या दिवशी शाळेच्या सभागृहात पडदा लावून सगळ्यांना गोष्टी दाखवायच्या आहेत, सरांसमोर. कॅसेटींना कडेने पांढरी बुरशी धरलीय. फार वेळा चालवल्या तर संपतील.

हे सगळं सांगताना ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. एकदाही नजर हलवली नाही. मामा, माझ्याकडे असं आजवर कोणी बघितलेलं नाही. आईसुद्धा माझ्याशी बोलताना कुकरकडे बघते. मी काय ते समजलो.

आता कामाचं. कॉम्प्युटरवाल्याकडे व्हिडिओ आत घ्यायची तीन कार्डं आहेत. पहिलं सगळ्यात स्वस्त, टीव्हीपण दिसतो, पण चित्र दाबून लहान करायचं काम कॉम्प्युटरने करायचं. दुसरं म्हणजे बाहेर ठेवायची डबी, वायरने जोडायची. तिसऱ्या कार्डावर चित्र दाबायची स्वतःचीच चिप आहे आणि किंमत पहिल्याच्या तिप्पट. काका म्हणाले, "पाटी तू लावलीस, आता निस्तर. कार्ड एकदाच घेईन, चुकलास तर तुझं तू बघ."

तू जन्म टीव्ही केंद्रात घालवलास. तुझ्या डोंगरावर फोन सरकारी कामापुरता, म्हणून हे पत्र. ताबडतोब सांग, कुठलं घेऊ?

तुझा,
बंब

(हे नाव तूच ठेवलंस. ती विचारेल तर काय सांगू, चिडलो की पाणी उकळतं म्हणून?)

*

१३ जानेवारी

बंब,

'ताबडतोब' असं लिहिलेलं पत्र शनिवारी पोचलं. इथे टपाल आठवड्यातून एकदा जीपमधून येतं, डिझेलच्या पिंपांशेजारी बसून. तुझ्या पाकिटाला डिझेलचा वास होता. स्वभावाला शोभून दिसला.

आधी कार्डाचं. कुठलं चांगलं हा प्रश्नच चुकीचा. कॅसेटमध्ये काय आहे ते आधी विचार. लग्नाच्या कॅसेटीत माणसं उभी राहून हसतात. मधली दहा चित्रं गळली तरी कोणाला पत्ता लागत नाही, आवाज मागेपुढे झाला तर मात्र सगळे ओरडतात. तुझ्याकडे उलटं आहे. आवाज नाहीच, जे आहे ते हलणाऱ्या हातांत.

सेकंदाला पंचवीस चित्रं असतात हे तुला माहीत आहे. प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येतं, एकामागून एक, म्हणजे सेकंदाला पन्नास झलका. भराभर चालणारा हात त्या पन्नासांत राहतो. स्वस्त कार्ड बहुतेक वेळा दोनातला एकच अर्धा घेतं, आणि कॉम्प्युटरला धाप लागली की अख्खं चित्र टाकून देतं. काकांचा कॉम्प्युटर पासपोर्टचे फोटो छापतानासुद्धा अडकतो, हे तूच लिहिलंस. म्हणून तिसरं कार्ड घे. ते आपलं काम आपण करतं. काका नाही म्हणाले तर शांतपणे पटव. शांतपणे म्हणजे रस्त्यावर ऐकू जाणार नाही इतपत.

आणखी दोन गोष्टी. रेकॉर्डिंग चालू असताना कोपऱ्यात एक आकडा दिसतो, किती चित्रं गळली त्याचा. तो शून्य राहिला पाहिजे. हलला की थांबायचं. आणि व्हीसीआरमधून एक वायर कार्डाला जोड, एक साध्या टीव्हीला. रेकॉर्ड होताना डोळा टीव्हीवर ठेव, म्हणजे मूळ काय आहे ते कळेल. तीस वर्षं मी एवढंच केलं, मूळ बघत बसलो.

आता आयुष्य बदलल्याचं. मामी विचारते, तिचंही बदललं की फक्त तुझं?

भावोजींशी बोलतोस का? ताईचं पत्र आलं, तुम्ही दोघं मीठसुद्धा तिच्यामार्फत मागता म्हणे.

तुझा मामा

*

१९ जानेवारी

मामा,

तुझं पत्र आज आलं आणि कार्ड मी चार दिवसांपूर्वीच घेतलं. रागावू नकोस, आधी ऐक.

मी पहिलं घेतलं. स्वस्तातलं. नुसता घाईने नाही, विचार करून. दुकानदार, तो कानामागे स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला, म्हणाला की महागड्या कार्डाचा खरा फायदा आवाज आणि चित्र जुळण्यात आहे. आपल्या कॅसेटींना आवाजच नाही! मग नसलेल्या आवाजासाठी तिप्पट पैसे का मोजायचे? उरलेल्या पैशात काकांना पटवून एक फिरती खुर्ची घेतली, गादीची. तिच्यासाठी. आधी तिथे फक्त एक स्टूल होतं, आणि दोन तासांची कॅसेट आत घ्यायला दोनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. देवाने हे यंत्र माझ्यासाठीच बनवलंय.

रोज साडेतीनला शाळा सुटली की ती येते, खुर्चीत बसते आणि मला गोष्टी समजावून सांगते. मोठे सर म्हणजे काय माणूस आहे! एक पोस्टमन आणि एक बदक अशी गोष्ट आहे. बदक पोस्टमनच्या मागे लागतं, दोघंही सरच. मान अशी वाकडी केली की बदक, खांद्यावरची पिशवी सावरली की पोस्टमन. मी इतका हसलो की व्हीसीआरवरचा चहाचा कप पडता पडता वाचला. मला आता तीन शब्द येतात, 'पाणी', 'उद्या' आणि 'बदक'. या तीन शब्दांत संसार होत नाही, माहीत आहे, पण सुरुवात आहे.

तुझ्या दोन सूचना. टीव्हीची वायर जोडलेली नाही, कारण टीव्ही ठेवला तर खुर्चीला जागा राहत नाही. कोपऱ्यातला आकडा मात्र दिसतो. तो जरा हलतो. खरं सांगू का, पळतो. तिने विचारलं, "हे काय वाढतंय?" मी म्हणालो, कॉम्प्युटरचं तापमान. मग त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. चित्र झकास दिसतंय, तर आकड्याकडे कशाला बघायचं? काल दोन लग्नं केली, दोन्हीकडचे लोक खूश.

मामीला सांग, तिचंही बदललंय. ती अजून तशीच बघते.

बाबांशी बोलणं नाही. मीठ मी आता घेतच नाही.

बंब

*

३ फेब्रुवारी

मामा,

अकराही कॅसेटी झाल्या. सीड्या दिल्या. इथे हवा बरी आहे. सकाळी थोडं धुकं असतं, दहानंतर विरतं. दुपारी ऊन पडतं. काकांनी पुढच्या खोलीला रंग काढायचं ठरवलंय, फिकट निळा की फिकट हिरवा ते अजून ठरत नाही. मला वाटतं निळा.

कार्डाचा विषय आता नको. तिचाही नको. काही लोकांना केलेल्या कामाची किंमत नसते, एवढंच म्हणतो.

बंब

*

५ फेब्रुवारी

नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला बऱ्यापैकी ओळखते, कारण तुमचा भाचा दर दहा वाक्यांनंतर "माझा मामा म्हणतो" असं म्हणतो. पत्ता मी त्याच्या काकांकडून, म्हणजे स्टुडिओवाल्यांकडून घेतला. त्याला हे माहीत नाही.

मला एक शंका विचारायची आहे, कामाची.

आमच्या मोठ्या सरांची पोस्टमन आणि बदकाची गोष्ट आहे. शेवटी बदक पोस्टमनची पिशवी ओढतं आणि बारा पत्रं वाऱ्यावर उडतात. सर प्रत्येक पत्र वेगळं उडवतात, एक सरळ, एक गिरकी घेत, एक चिमणीसारखं. सगळं मिळून चार-पाच सेकंदांत. वीस वर्षं आमची मुलं ती पत्रं मोजत आली आहेत. मोठी मुलं लहानांना शिकवतात. आमच्याकडे बाराचा पाढा नंतर येतो, बारा पत्रं आधी येतात.

मी सीडी वर्गात लावली. सातच पत्रं उडाली. पुन्हा लावली, सातच. मुलांनी मला विचारलं, पाच पत्रं कोणी चोरली?

मी स्टुडिओत गेले. मोठे सरही बरोबर होते, ते दाराशी चपला काढत होते. मी तुमच्या भाच्याला म्हटलं, सर यात अडखळताना दिसतात. तो एकदम तापला. म्हणाला, "यंत्र खोटं बोलत नाही. तुमच्या सरांचे हात तेव्हापासूनच थरथरत असतील, मोजताना चुकले असतील!"

सर तोवर माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांना ऐकू येत नाही, पण ओठ चांगले वाचता येतात. ते हसले. मग दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

तेव्हापासून त्यांनी हात बाहेर काढलेले नाहीत. माझ्याशीसुद्धा मान हलवून बोलतात. आठ मार्चला येणार नाही म्हणतात, माझ्या चुका मोठ्या पडद्यावर कशाला दाखवता असं त्यांनी पाटीवर लिहून दिलं.

आता शंका. तुमचा भाचा म्हणतो ते खरं असू शकतं का? कॅसेटमध्येच सात पत्रं असतील तर मी त्याच्यावर उगाच रागावले आणि मला त्याची माफी मागायला हवी. तो कॉम्प्युटरचं तापमान चार हजारांच्या वर गेल्याचं सांगत होता. एवढ्या तापमानाने चित्रं बिघडतात का?

आणखी एक, विचारावं की नाही कळत नाही. भांडताना तो म्हणाला, "इतके दिवस माझ्याकडे तसं बघत होतात आणि आता असं बोलता?" कसं बघत होते मी? माझ्या आईबाबांना ऐकू येत नाही. आमच्या घरी समोरच्यावरून नजर काढली की त्याचं बोलणं तोडल्यासारखं होतं. मी भाजीवाल्याकडेही तशीच बघते. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. मला जमेल असं वाटत नाही, कारण एरवी तो फार मनापासून काम करतो, आणि बदकाला बघून तो जसा हसला तसं मोठं माणूस हसलेलं मी पाहिलं नव्हतं.

उत्तराची वाट बघते.

तिसरीच्या वर्गाच्या बाई

*

१२ फेब्रुवारी

बंब,

तुझ्या पत्रात हवामानावर तीन ओळी आणि रंगावर दोन. तू पाचवीत नापास झालास तेव्हाही असंच लिहिलं होतंस. तेव्हाच ओळखलं, पोराने काहीतरी फोडलंय.

मग बाईंचं पत्र आलं. हो, मला. त्यांना मी उत्तर पाठवलंय, एकाच ओळीचं: 'माफी मागू नका, आठ दिवस थांबा.'

मी तुला काही सांगणार नाही. एकच काम करायचं. ती खुर्ची बाहेर काढायची, तिथे टीव्ही ठेवायचा, व्हीसीआरची वायर सरळ टीव्हीला लावायची. मध्ये कार्ड नको, कॉम्प्युटर नको. बदकाची गोष्ट शेवटची पाच मिनिटंच लाव, कॅसेट नाजूक आहे. पत्रं मोज. मग त्या काळ्या पट्टीखाली बघ.

माझंही सांगतो, तू एकटाच गाढव नाहीस. नवा होतो तेव्हा एका संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाई निळ्या दिसायला लागल्या. मी वरच्या साहेबांना ठणकावून सांगितलं, त्यांनी कपडेच तसे घातलेत. दुसऱ्या दिवशी हवामान सांगणारे गृहस्थ निळे. मग वायर सापडली. पण मधल्या एका दिवसात त्या बाईंना सगळ्यांकडून ऐकून घ्यावं लागलं होतं. मी त्यांच्याकडे गेलो नाही. लाज वाटली. त्या निवृत्त झाल्या, गेल्या, राहून गेलं ते गेलंच. हे मी मामीलाही सांगितलेलं नाही. तिने आता वाचलं.

आता दुसरं. जरा बस. बाईंच्या आईवडिलांना ऐकू येत नाही. त्या घरात बोलायचं म्हणजे बघायचं. त्या तुझ्याकडे बघत होत्या तशाच भाजीवाल्याकडे बघतात. भाजीवाल्याने त्यापायी काळी चिकटपट्टी विकत आणलेली नाही.

रडायचं असेल तर ती गादीची खुर्ची आहेच. पण टीव्ही लावल्यानंतर.

मामा

*

२४ फेब्रुवारी

मामा,

बारा.

मी तीनदा मोजली. तीनदा म्हणजे कॅसेट एकदाच चालवली, पण डोळ्यांसमोर तीनदा गेली. एकाही ठिकाणी हात अडखळत नाही. नववं पत्र तर खांद्यावरून मागे उडतं, ते आमच्या सीडीत नव्हतंच. मग पट्टी काढली. चार हजार आठशे सोळा. शेवटच्या दिवसाचा आकडा तसाच गोठलेला. एवढी चित्रं मी टाकून दिली, मामा, आणि वर त्या माणसाला म्हणालो तुम्हीच चुकलात.

आधी भाजीवाल्याचं आटपतो. ते वाचून मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. काकांना वाटलं दाढ दुखतेय, लवंग दिली. तिसऱ्या दिवशी मंडईत गेलो आणि तो भाजीवाला शोधून काढला. म्हातारा आहे, एका डोळ्याने बघतो. मला जरा बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचीच लाज वाटली. असो. ती बघते तसं बघते. मी जे मनात धरलं ते माझं माझ्याजवळ, ते काही कमी झालेलं नाही. पण आता त्याच्यासाठी नाही, सरांच्या हातांसाठी धावपळ करतोय, एवढं खरं मान.

कार्ड परत द्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, डबा धड असेल तर बदलून देतो. डबा धड होता, पण त्याच्या चारही बाजूंवर मी पेन्सिलीने हात काढले होते. खुणा शिकत होतो ना. 'पाणी', 'उद्या', 'बदक', आणि झाकणावर बारीक अक्षरात तिची खूण, हनुवटीवर तीळ आहे तिथे बोट, शाळेत तिला तेच नाव आहे. त्याने डबा उजेडात फिरवून फिरवून बघितला.

"हा विकू कुणाला? ज्योतिषाला?"

पूर्वीचा मी असतो तर डबा तिथेच आपटला असता. मी म्हणालो, "दर रविवारी येऊन मशिनं जोडून देतो. आठ रविवार." तो म्हणाला दहा. दहा ठरले. खुर्ची काकांनी स्वतःला घेतली, फिरत फिरत म्हणतात, "चूक कर रे अशीच अधूनमधून."

तिसरं कार्ड बसवलं. टीव्ही शेजारी. अकराही कॅसेटी पुन्हा घेतल्या. ती आली नाही, मोजायच्या आधीच मी निरोप धाडला तेव्हा शाळेचा शिपाई पिशवी देऊन गेला होता. मी एकटा स्टुलावर, डोळा टीव्हीवर. व्हीसीआर प्रत्येक वेळी पुसून घेतला. कोपऱ्यात शून्य, शून्य, शून्य. मामा, शून्याकडे इतक्या प्रेमाने मी माझ्या गुणपत्रिकेतही बघितलं नसेल. बदकाची कॅसेट सगळ्यात शेवटी लावली. बारावं पत्र उडालं, पोस्टमन वाकला, बदकाने माफी मागितली, आणि व्हीसीआरमधून किर्र असा आवाज आला. फीत गुंडाळली गेली, पांढरी भुकटी पडली. ती कॅसेट आता कधीच चालणार नाही. पण सगळं आत आलंय.

सीडी तिला पाठवली, चिठ्ठी जोडली, 'चूक माझी, मोजून बघा'. उत्तर आलं नाही. सर अजून येत नाही म्हणतात, असं शिपायाकडून कळलं.

सरांकडे जायचंय. तू गेला नाहीस ते वाचलं, म्हणून जाणारच. पण ज्या तोंडाने बोललो त्याच तोंडाने माफी कशी मागू? सर ती ओठांवरूनच वाचणार. म्हणून हातांनी मागायची ठरवलंय. शिकवायला कोणी नाही, पण बदक मागतं ना गोष्टीच्या शेवटी! तीच माफी बघून बघून पाठ केलीय. आरशासमोर करतो. काल बाबा मागे येऊन उभे राहिले. किती तरी वेळ बघत होते. मग म्हणाले, "कोपर जरा वर घे." दीड वर्षातलं पहिलं वाक्य.

बंब

*

९ मार्च

मामा,

सात तारखेला सकाळी सरांकडे गेलो. शाळेमागे त्यांची दोन खोल्यांची जागा आहे, अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. दार तिने उघडलं, सामान बांधायला आली होती. "तुम्ही?" एवढंच म्हणाली. सर खिडकीशी बसले होते, हात खिशात.

मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सुरू केलं. पाठ केलं होतं तसंच, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोपर वर. छातीवर मूठ फिरवली, मान खाली घातली, दोन्ही हात बाजूला नेले, दोनदा हलवले, पुन्हा मान खाली.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. मामा, ते हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे आणि डोळ्यांतून पाणी. ती भिंतीला टेकून तोंडावर पदर धरून उभी. मला काही कळेना. "काय चुकलं?" मी विचारलं.

"काही नाही," ती कशीबशी म्हणाली. "माफी बरोबर आहे. पण तुम्ही ती पंखांनी मागितलीत. ते दोन्ही बाजूंचं हलवणं म्हणजे पंख. माणसं तसं करत नाहीत, बदकं करतात."

मी बदक होऊन माफी मागत होतो. आरशासमोर बारा दिवस बदकाची बोली घोटली होती!

तोंड तापलं, कान तापले. आता नेहमीसारखं काहीतरी बोलून बसणार, असं मलाच वाटलं. तेवढ्यात सर उठले. खिशातून उजवा हात काढला. तो थरथरत होता, भरपूर. त्यांनी माझं मनगट धरलं, कोपर खाली आणलं, माझी मूठ छातीवर ठेवून एकदाच गोल फिरवली. बस. पंख नाहीत. पुन्हा कर, अशी मान हलवली. मी केलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी डावा हातही काढला, कारण माझी मान कशी वाकते ते दाखवायला दोन्ही लागत होते. ते शिक्षक आहेत, मामा. समोर कोणी चुकीचं करत असेल तर त्यांना हात खिशात ठेवता येत नाहीत.

मग ते भराभर काहीतरी बोलले. ती म्हणाली, "विचारताहेत, उद्या किती वाजता?"

काल सभागृह भरलं होतं. मुलं, मुलांचे आईवडील, शाळा सोडून पंधरा वर्षं झालेली बापई माणसं. कॉम्प्युटर मी सांभाळत होतो. बदकाची गोष्ट आली तेव्हा सगळं सभागृह बोटांवर मोजायला लागलं, अंधारात ते हात दिसत होते. बारा झाली आणि सगळ्यांनी हात वर करून हलवले, त्यांच्या टाळ्या अशा असतात. मी पहिल्या रांगेत सरांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते, मागे वळून मुलांची तोंडं बघत होते.

गोष्टी संपल्यावर मुलं ऐकेनात. सरांनी स्वतः सांगायची, आत्ता. सर नको नको म्हणाले, मग पडद्यासमोर उभे राहिले. प्रोजेक्टरचा उजेड तेवढा त्यांच्यावर पडत होता, तो मी तसाच ठेवला. पोस्टमन आला, बदक आलं. पिशवी ओढली आणि पत्रं उडाली, आणि सरांचे हात असे थरथरत होते की पत्रं थांबेचनात. मुलं मोजता मोजता गोंधळली. सरांनी मध्येच थांबून काहीतरी सांगितलं आणि सगळी मुलं हसून एकमेकांवर पडली.

ती माझ्यापासून चार रांगा पुढे भिंतीशी उभी होती. मी मानेने विचारलं, काय म्हणाले? तिने ओठ हलवून सांगितलं, "म्हणतात, तेव्हा बाराच पत्रं होती, आता आख्खं पोस्ट ऑफिस उडतंय."

मामा, माझ्याजवळ काकांचा कॅमेरा होता, पिशवीत. कार्ड होतं, डिस्कवर जागा होती, कोपऱ्यात शून्य होतं. मी कॅमेरा काढला नाही. का ते नीट सांगता येत नाही. तू असतास तर तूही मूळच बघत बसला असतास.

सरांनी दुसरी गोष्ट सुरू केली. ही कॅसेटींमध्ये नव्हती, मला अजिबात कळत नव्हती. तरी उभा होतो. तेव्हा ती वळली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखंच, भाजीवाल्याकडे बघते तसंच, कमी नाही जास्त नाही. मी आता फसणार नव्हतो.

मग तिने हात उचलला. बोट दाराकडे. तळवा, थांब. बोट स्वतःच्या छातीवर. आणि तेच बोट हळूच माझ्या दिशेने चालत आलं.

बाहेर थांब. मी येते.

कोणी समजावून सांगितलं नाही, ओठ हलले नाहीत. मला एकदम कळलं, पहिल्याच वेळी, अख्खं वाक्य. मी कडेकडेने दाराशी गेलो. दार उघडताच बाहेरचं ऊन आत शिरलं आणि सरांच्या हातांवर पांढरी पट्टी पडली. दोन-तीन मुलांनी डोळे बारीक करून मागे बघितलं. मी पटकन बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.